रीमा लागू : तिशीतली आई, घराघरातली सासू

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

हिंदी पडद्याला आई पुरवण्याचं काम मराठी बायकांनी फार वर्षं केलं. दुर्गा खोटे, ललिता पवार, सुलोचना ही नावं उच्चारली की आपल्या डोळ्यांसमोर एकेक चेहरा उभा राहतो. कुणी राजमाता, कुणी खाष्ट सासू, कुणी डोक्यावरून पदर घेतलेली सोशिक माउली. या ओळीतलं पुढचं नाव रीमा लागू यांचं. पण आधीच्या तिघींचा पसारा मुख्यतः सिनेमाचा होता. रीमाताईंचं तसं नाही. त्या रंगभूमीवर घडल्या, सिनेमानं त्यांना देशभर ओळख दिली आणि टेलिव्हिजननं त्यांना थेट आपल्या घरात आणून बसवलं. १८ मे २०१७ रोजी त्या गेल्या, तेव्हा पुण्या-मुंबईइतकीच हळहळ शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावातही व्यक्त झाली. ज्या बाईला आपण एकदाही प्रत्यक्ष पाहिलं नाही, तिच्याविषयी घरातलं माणूस गेल्यासारखं का वाटावं? या प्रश्नाच्या मागं गेलं, की एका अभिनेत्रीबरोबर आपल्या टेलिव्हिजनचाही चाळीस वर्षांचा इतिहास उलगडतो.

नयन भडभडे

रीमाताईंचा जन्म २१ जून १९५८ चा. माहेरचं नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे या स्वतः रंगभूमीवरच्या अभिनेत्री. वसंत कानेटकरांच्या ‘लेकुरे उदंड जाली’ या गाजलेल्या नाटकामुळे त्यांचं नाव घरोघरी झालेलं. तेव्हा रंगपट, तालमी, दौरे, रात्रीचे प्रयोग हे शब्द या मुलीच्या कानावर पाढ्यांच्या आधी पडले असणार. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झालं. मुलींच्या शिक्षणासाठी एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली ही शाळा. शाळेच्या नाटकांतच नयनचं अंग दिसलं आणि शालेय शिक्षण संपताच तिनं व्यावसायिक अभिनयाकडे पाऊल टाकलं.

अभिनेते विवेक लागू यांच्याशी विवाह झाल्यावर नयन भडभडेची रीमा लागू झाली. पण त्या काळात मराठी नाटकावर घर चालेल याची खात्री कुणी देत नव्हतं. म्हणून अनेक मराठी नटनट्यांप्रमाणे त्यांनीही बँकेत नोकरी धरली. युनियन बँक ऑफ इंडियात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. दिवसा बँक, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवार प्रयोग, असा तो दिनक्रम. आज ‘अभिनेत्री’ म्हटलं की झगमगाट आठवतो, पण मराठी रंगभूमीची एक अख्खी पिढी मस्टरवर सही करून मग तोंडाला रंग लावत होती, हे विसरून चालणार नाही. बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या यांनी पगार दिला, आणि त्या पगाराच्या आधारावर नाटक जगलं. पुढं पडद्यावर रीमाताईंची आई किंवा सासू इतकी खरी वाटली, तिचं एक कारण या नोकरीत असावं. महिन्याच्या पगारात घर बसवणारी बाई त्यांना कल्पनेनं रंगवावी लागली नाही.

रंगभूमीवरची नायिका

आज बहुतेकांना रीमाताई आठवतात त्या आईच्या रूपात. म्हणून हे मुद्दाम सांगायला हवं की नाटकात त्या नायिका होत्या, आणि साध्यासुध्या नव्हेत. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ या नाटकात त्यांनी अंबिका उभी केली. विजया मेहता यांचं दिग्दर्शन, समोर गुलाबरावाच्या भूमिकेत नाना पाटेकर. सत्तेच्या माजात बलात्कार करणारा पुढारी, आणि न्यायाची सगळी दारं बंद झाल्यावर स्वतःच त्याला शिक्षा करणारी शिक्षिका. ऐंशीच्या दशकात मध्यमवर्गीय प्रेक्षक हे नाटक पाहून सुन्न होऊन घरी जात.

दुसरं नाटक शेखर ताम्हाणे यांचं ‘सविता दामोदर परांजपे’. एकाच बाईच्या शरीरात दोन बायका. एक संसारी कुसुम, आणि दुसरी तिच्या अंगात संचारणारी सविता. आवाज बदलायचा, नजर बदलायची, उभं राहण्याची ढब बदलायची, आणि हे सगळं प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर, कॅमेऱ्याच्या कुठल्याही मदतीशिवाय. हे ज्यांनी पाहिलं, ते आजही त्याबद्दल बोलतात.

सिनेमातही सुरुवात चांगल्या घरातून झाली. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ १९७९ चा, गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’ १९८० चा आणि श्याम बेनेगल यांचा ‘कलयुग’ १९८१ चा. भूमिका लहान असतील, पण वयाच्या पंचविशीच्या आत या तीन दिग्दर्शकांबरोबर काम करणं ही कुणाही नटीला मिरवावीशी गोष्ट आहे.

एकतिसाव्या वर्षी आई

आणि मग त्या ‘आई’ झाल्या.

१९८८ साली ‘कयामत से कयामत तक’ आला. त्यात रीमाताई जुही चावलाच्या आई होत्या. तेव्हा त्यांचं वय होतं एकोणतीस. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९८९ मध्ये ‘मैंने प्यार किया’ प्रदर्शित झाला. त्यात त्या सलमान खानच्या आई. आईचं वय एकतीस, मुलाचं चोवीस. १९९१ च्या ‘साजन’मध्येही त्या आईच. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मध्ये माधुरी दीक्षित आणि रेणुका शहाणे यांच्या आई, म्हणजे वयानं आठ-नऊ वर्षांनी लहान असलेल्या दोन मराठी मुलींची आई एका मराठी बाईनं केली. १९९९ च्या ‘वास्तव’मध्ये तर कमालच झाली. ज्या संजय दत्तची त्यांनी आई केली, तो त्यांच्याहून जेमतेम एका वर्षानं धाकटा.

हा हिशेब नुसता गमतीचा नाही. सिनेमात पुरुषाचं वय वेगळ्या फूटपट्टीनं मोजतात आणि बाईचं वेगळ्या. नायक पन्नाशी ओलांडून नायक राहतो. बाईनं तिशी गाठली की तिच्या हातात आरतीचं ताट दिलं जातं. रंगमंचावर अंबिका आणि सविता पेलणारी नटी हिंदी सिनेमाला नायिका म्हणून सुचली नाही. ती त्याला सुचली ती आई म्हणून. हे रीमाताईंच्या एकटीच्या बाबतीत घडलं असं नाही. पण त्यांच्या बाबतीत ते फार लवकर घडलं.

मात्र मिळालेल्या जागेचं त्यांनी सोनं केलं. त्यांच्याआधीची हिंदी सिनेमातली आई आठवून पाहा. पांढरी साडी, शिवणयंत्र, खोकल्याची उबळ, देवळाच्या पायऱ्या. ती रडायची, वाट पाहायची आणि शेवटच्या रिळात मरायची. रीमाताईंची आई हसणारी होती. ती मुलाची थट्टा करायची, त्याच्या मनातलं ओळखायची, नवऱ्याशी वाद घालायची, प्रसंगी त्याच्या विरोधात मुलाच्या पसंतीच्या पाठीशी उभी राहायची. ‘मैंने प्यार किया’मधली कौशल्या ही मुलाची मैत्रीण होती. नव्वदच्या दशकात शहरांतल्या आणि मोठ्या गावांतल्या घरांत आई आणि मुलं यांच्यातलं अंतर कमी होत चाललं होतं. ‘अहो आई’ची ‘ए आई’ तर आधीच झाली होती. त्या बदलाला पडद्यावर चेहरा मिळाला तो रीमाताईंचा.

आणि ही आई नुसती गोड नव्हती. ‘वास्तव’मध्ये गुन्हेगारीच्या चिखलात रुतलेल्या मुलाला शेवटी ती स्वतःच्या हातानं गोळी घालते. १९५७ च्या ‘मदर इंडिया’नंतर हिंदी पडद्यावर असा प्रसंग पुन्हा असा झोंबला तो इथेच. त्याच वर्षी आलेल्या ‘हम साथ साथ हैं’मध्ये त्यांनी लोकांच्या बोलण्यात येऊन घरात वाटणी मागणारी आई केली. फिल्मफेअर पुरस्कारासाठी सहायक अभिनेत्री म्हणून त्यांना चारदा नामांकन मिळालं. बाहुली मात्र एकदाही मिळाली नाही.

छोटा पडदा आपल्या दारी

आता थोडं टेलिव्हिजनकडे वळू. भारतात टेलिव्हिजन सुरू झालं १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावं लागलं. नंतरची दहा-बारा वर्षं टीव्ही ही मुंबई-पुण्याचीच चैन होती. मराठवाड्यातल्या आपल्यासारख्या गावांत रेडिओ हाच राजा. बातम्या, बाजारभाव, कीर्तन, नाटक, सगळं कानानं ऐकायचं.

१९८२ च्या स्वातंत्र्यदिनी टीव्ही रंगीत झाला आणि १९८४ मध्ये देशभर लहान-मोठी प्रक्षेपण केंद्रं झपाट्यानं उभी राहिली. काही महिने तर जवळजवळ रोज एक, असा वेग होता. आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला मनोरा उभा राहिला. गावोगावच्या धाब्यांवर आणि पत्र्यांवर अँटेना दिसू लागल्या. तो काळ ज्यांनी पाहिला, त्यांना बाकी सांगायला नको. एकानं वर जाऊन अँटेना फिरवायची, दुसऱ्यानं खालून ओरडायचं, ‘आलं, आलं... गेलं!’ पडद्यावर मुंग्या आल्या की घरभर हळहळ. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची. शटरच्या लाकडी खोक्यातला तो काळा-पांढरा टीव्ही एका घराचा नसे, आख्ख्या आळीचा असे. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं, तेव्हा रस्ते ओस पडत. त्या ‘रामायणा’तली मंथरा कोण होती? आपल्या ललिता पवार. आर. के. लक्ष्मण यांची ‘वागले की दुनिया’ ही मालिका कुणाच्या संस्थेनं काढली? दुर्गा खोटे यांच्या. म्हणजे मराठी बायकांची ती परंपरा मोठ्या पडद्यावरून छोट्या पडद्यावर आधीच पोचली होती.

रीमाताईंचं हिंदी मालिकांमधलं नाव दिसतं ते १९८५ च्या ‘खानदान’पासून. श्रीधर क्षीरसागर यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका उद्योगपती घराण्याची होती. जुलै १९८४ मध्ये ‘हम लोग’नं मालिकांचं दालन उघडलं होतं. ते मध्यमवर्गाचं घर होतं, ‘खानदान’ श्रीमंतांचं. दूरदर्शनचे मालिकांचे ते अगदी सुरुवातीचे दिवस. त्या दिवसांपासून थेट २०१७ पर्यंत रीमाताई छोट्या पडद्यावर दिसत राहिल्या. टेलिव्हिजनच्या ज्येष्ठ अभिनेत्री म्हणून त्यांचं नाव घ्यायचं ते याच अर्थानं.

कोकी आणि देवकी

१९९४ हे साल त्यांच्या कारकिर्दीत फार महत्त्वाचं. एकीकडे ‘हम आपके हैं कौन’ चित्रपटगृहांत ठाण मांडून बसला होता, आणि दुसरीकडे टेलिव्हिजनवर त्यांच्या दोन विनोदी मालिका सुरू झाल्या.

पहिली ‘श्रीमान श्रीमती’. गौतम आणि मार्कंड या अधिकारी बंधूंची. दोन शेजारी, दोन जोडपी, आणि प्रत्येक नवऱ्याला आपल्या बायकोपेक्षा शेजाऱ्याची बायको बरी वाटते, एवढीशी कल्पना. यातल्या केशव कुलकर्णीचं काम जतिन कनकिया या गुजराती नटानं केलं आणि त्याची बायको कोकिला ऊर्फ कोकी झाल्या रीमाताई. शेजारच्या घरात राकेश बेदी आणि अर्चना पूरण सिंग. कल्पना तशी निसरडी. जरा तोल गेला असता तर सगळं पाणचट झालं असतं. पण रीमाताईंची कोकी हे त्या गोंधळातलं शहाणं माणूस होतं. नवऱ्याचे चाळे तिला कळतात, तिचा तोल मात्र सुटत नाही. मालिकेची अब्रू तिनं सांभाळली.

दुसरी ‘तू तू मैं मैं’. सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केलेली. सासू देवकीच्या भूमिकेत रीमाताई, सून राधा म्हणून सुप्रिया पिळगावकर, सासऱ्यांच्या भूमिकेत कुलदीप पवार आणि मुलगा महेश ठाकूर. आडनाव वर्मा, भाषा हिंदी, पण घरातली निम्मी माणसं मराठी रंगभूमीच्या मुशीतून आलेली. पहिल्यांदा ही मालिका दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर आली. पुढं १९९६ पासून २००० पर्यंत ती स्टार प्लसवर चालली. मेट्रोचं प्रक्षेपण शहरांपुरतं होतं. त्यामुळं आपल्याकडच्या बऱ्याच घरांची देवकीशी ओळख झाली ती केबलची वायर गावात आल्यावर.

सासू-सुनेच्या भांडणात नवं असं काय होतं? जात्यावरच्या ओव्यांपासून भारुडापर्यंत आपल्याकडे हा विषय आलेलाच आहे. नवं होतं ते भांडणाचं माप. देवकी आणि राधा बरोबरीनं भांडायच्या. एक टोला हाणायची, दुसरी परतवायची. मधल्या मधे नवरा आणि सासरा यांची गाळण उडायची. पण भांडण अर्ध्या तासात मिटायचं. कुणी कुणाच्या जिवावर उठत नव्हतं, कुणी कुणाला घराबाहेर काढत नव्हतं. सुनेला टोमणा मारणारी सासू परक्या माणसानं सुनेला बोल लावला, तर पदर खोचून उभी राहायची. सासू म्हणजे छळ, हे ललिता पवारांच्या काळापासून पडद्यावर ठरून गेलेलं समीकरण रीमाताईंनी हसत हसत मोडलं.

हे काम दिसतं तितकं सोपं नसतं. विनोदी मालिकेत समोर प्रेक्षक नसतात. हशा नंतर जोडला जातो. तेव्हा वाक्य टाकल्यावर किती थांबायचं, हे नटाला मनातल्या प्रेक्षकाला विचारून ठरवावं लागतं. ज्यानं वर्षानुवर्षं भरलेल्या नाट्यगृहात हशा झेलला आहे, त्यालाच ते जमतं. रीमाताईंना ते जमलं, कारण त्यांच्या पाठीशी मराठी नाटकाची तालीम होती. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. सिनेमानं ज्या बाईला आईच्या साच्यात बसवलं, तिला टेलिव्हिजननं मध्यवर्ती भूमिका दिली. सिनेमात त्या कुणाच्या तरी आई होत्या. ‘तू तू मैं मैं’मध्ये गोष्टच त्यांची होती. चाळिशीच्या आसपासची बाई रुसते, फसते, हट्ट करते, चुकते, जिंकते, आणि लोक ते आठवड्यामागून आठवडे पाहतात. मोठ्या पडद्यानं नाकारलेली नायिका छोट्या पडद्यानं त्यांना परत केली, असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही.

३ जुलै २०००

टेलिव्हिजनच्या इतिहासात काही तारखा वळणाच्या असतात. ३ जुलै २००० ही त्यातली एक. त्या रात्री स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि त्याच रात्री ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिकाही. ती २००८ पर्यंत चालली आणि तिचे १८०० हून अधिक भाग झाले. ज्या वाहिनीवर देवकी आणि राधा भांडत होत्या, त्याच वाहिनीवर त्याच वर्षी त्यांचा निरोप झाला आणि नव्या सासवा आल्या.

फरक कशात पडला? पूर्वी मालिका आठवड्यातून एकदा यायची. वर्षाला बावन्न भाग. आता ती रोज येऊ लागली. रोज अर्धा तास भरायचा, तर गोष्ट मिटून चालत नाही. मग भांडण लांबवायचं, त्याला कट-कारस्थान जोडायचं, दागिन्यांचं वजन वाढवायचं, एका चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा न्यायचा. भाजी खारट झाली म्हणून होणारं भांडण अर्ध्या तासात संपतं. इस्टेटीचं भांडण मात्र आठ वर्षं चालवता येतं. सासू पुन्हा दुष्ट झाली, सून पुन्हा सोशिक झाली. याला एकटे लेखक जबाबदार नव्हते. रोजच्या प्रक्षेपणाचं आणि जाहिरातींचं गणितच तसं होतं. काम करणाऱ्यांचं आयुष्यही बदललं. दहा-बारा तासांच्या पाळ्या, आयत्या वेळी हाती पडणारे संवाद, तालमीला वेळ नाही. बँक सांभाळून नाटकाची तालीम करणाऱ्या पिढीला हे नवंच होतं.

रीमाताईंनी या बदलाशीही जुळवून घेतलं. मराठीत ‘तुझं माझं जमेना’ या मालिकेत त्या २०१३ च्या सुमारास पुन्हा सासूच झाल्या, आणि विनोदाचं जुनं हत्यार अजून बोथट झालेलं नाही हे त्यांनी दाखवलं. त्याच वर्षीच्या गजेंद्र अहिरे यांच्या ‘अनुमती’ या चित्रपटात विक्रम गोखले यांच्याबरोबर त्या दिसल्या. पुढं स्टार प्लसवर २०१६ मध्ये ‘नामकरण’ ही मालिका आली. त्यात त्यांची दयावंती मेहता ही करारी, कठोर, घराण्याच्या अभिमानापायी मुलाचा संसारही नाकारणारी आजी होती. ज्यांनी त्यांना कौशल्या म्हणून डोक्यावर घेतलं होतं, त्यांना या दयावंतीचा राग येत होता. नटीच्या दृष्टीनं हा राग हीच पावती.

१७ मे २०१७ च्या संध्याकाळपर्यंत त्या याच मालिकेचं चित्रीकरण करत होत्या. रात्री छातीत दुखू लागलं. मुंबईतल्या रुग्णालयात त्यांना नेण्यात आलं आणि पहाटे हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. वयाची ५९ वर्षं पुरी व्हायला महिनाभर बाकी होता. मालिका थांबली नाही. भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीकडे गेली आणि ठरल्या वेळी पुढचे भाग दिसत राहिले. रोजच्या मालिकेचा हा धर्मच आहे. पण त्यातला रुक्षपणा मनाला लागतो.

आपल्या अंगणात

आता शिरूर कासारकडे येऊ. सिंदफणेच्या काठचा आपला हा तालुका ऊसतोडणी कामगारांचा. दसरा-दिवाळी झाली की ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात. माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि पाडव्याच्या आगंमागं परततात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. बाईचं काम वेगळं मोजलं जात नाही. उचल जोडीच्या नावावर, हिशेबही जोडीच्याच नावावर. पहाटे भाकरी थापून, तान्ह्याला उसाच्या सरीच्या कडेला निजवून मोळ्या बांधणारी बाई त्या वहीत अर्धा कोयता असते. मागे गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची मुलं. काही आजीजवळ, काही हंगामी वसतिगृहात.

ज्या घरातली आई पाच-सहा महिने कोपीवर असते, त्या घरातल्या टीव्हीवर दिसणाऱ्या आईचा अर्थ काय? मुंबईतल्या बंगल्यातली ती हसरी आई आपल्या मुलांच्या आयुष्याशी जुळत नव्हती, हे उघड आहे. तिच्या स्वयंपाकघरात चूल नव्हती, तिच्या हाताला कोयत्याचे घट्टे नव्हते. मालिकांनी आणि सिनेमांनी कष्टकरी आई अभावानंच दाखवली, हा त्यांच्यावरचा आक्षेप खराच आहे. तो रीमाताईंच्या भूमिकांनाही लागू पडतो, कारण नट काय करणार हे लेखक आणि निर्माते ठरवतात.

तरीही एक दुवा आहे. पडद्यावरची ती आई उभी करणारी बाई स्वतः नोकरदार होती. मुलगी लहान, नोकरी आणि नाटकाचे प्रयोग, अशी तारेवरची कसरत तिनंही केलेली. आईपण हा तिच्या घरी भावनेइतकाच वेळेच्या हिशेबाचाही प्रश्न होता. आणि तिचंही काम कित्येकदा दुसऱ्याच्या नावावर मांडलं गेलं. सिनेमा चालला की यश नायकाचं. आई ‘नेहमीप्रमाणे छान’. कोयत्याच्या हिशेबात बाई अर्धी आणि सिनेमाच्या हिशेबात आई सहायक. दोन्हींतल्या कष्टांची तुलना होऊच शकत नाही, हे मला मान्य आहे. उसाच्या फडातलं काम शरीर झिजवणारं आहे. पण मोजमापाची चूक एकाच जातीची आहे. जे काम रोज होतं, न सांगता होतं आणि ज्याच्यावाचून सगळं अडतं, तेच आपण हिशेबात धरत नाही.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी होती. कारखान्यांवर अडकलेले ऊसतोड कामगार त्या महिन्यात परवानगी मिळाल्यावर गावी परतत होते. त्याच दिवसांत दूरदर्शननं जुन्या मालिका पुन्हा दाखवायला घेतल्या. ‘रामायण’ आलं, ‘महाभारत’ आलं आणि ‘श्रीमान श्रीमती’ही आली. रीमाताईंना जाऊन तीन वर्षं होत आली होती. पण कोकी पुन्हा त्याच ठसक्यात नवऱ्याला सरळ करत होती, आणि जी मुलं तिच्या वेळी जन्मलीही नव्हती, ती आजीच्या मांडीला मांडी लावून हसत होती. विनोद पंचवीस वर्षांनीही शिळा झाला नाही, कारण तो कुणाला खाली पाडून केलेला नव्हता.

त्याच २०२० च्या फेब्रुवारीत ‘थप्पड’ नावाचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. सगळ्यांसमोर नवऱ्यानं मारलेली एक थप्पड गृहिणी गिळून टाकत नाही, ‘संसारात असं होतंच’ हे ऐकून घेत नाही, एवढीच त्याची गोष्ट. दिग्दर्शक अनुभव सिन्हा यांच्याबरोबर या चित्रपटाचं लेखन मृण्मयी लागू यांनी केलं आहे. त्या रीमाताईंच्या कन्या. आजी मंदाकिनीबाई रंगभूमीवर, आई तिन्ही माध्यमांत, आणि लेक लेखणी घेऊन. अभिनेत्रीला काय करायला मिळेल हे लिहिणारा ठरवतो, असं आपण आत्ताच म्हटलं. तिसऱ्या पिढीनं तीच जागा घेतली.

रीमाताईंनी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या आया आणि सासवा केल्या. पण प्रत्येकीत त्यांनी स्वतःचं काही मिसळलं. कौशल्येला मोकळं हसू दिलं, कोकीला शहाणपण दिलं, देवकीला भांडणातला जिव्हाळा दिला, दयावंतीला न वाकणारा ताठा दिला. पडद्यावरची सासू बदलू शकते, सून तिच्याशी बरोबरीनं बोलू शकते आणि तरी घर मोडत नाही, हे त्यांनी आपल्याला उपदेश न करता दाखवलं. आपल्या गावांतल्या अनेक घरांत सासू आणि सून शेजारी बसून ‘तू तू मैं मैं’ पाहत होत्या. देवकी चुकली की सून हसायची, राधा चुकली की सासू. तेवढ्या अर्ध्या तासात एकमेकींकडं पाहून हसायला निमित्त मिळायचं. एका नटीच्या खात्यावर ही जमा काही थोडी नाही.